पाव फेरा मागे

रोझली हुडाकचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा. सहासष्टावं लागलं तरी तो तिथून हलला नव्हता. आमच्या खाणीत डायव्हिंग शिकलेल्या प्रत्येकाने तिची बोलणी खाल्लेली आहेत. "मास्कमध्ये पाणी गेलं म्हणून रडतोस? तळ्यात पाणी नसणार तर काय सूप असणार?" असं ती एकदा एका वकिलाला त्याच्या बायकोदेखत म्हणाली होती. वकील रागावून गेला, पुढच्या आठवड्यात मुकाट्याने परत आला. सहाव्या आठवड्यात तिने त्याच्या पास झाल्याच्या कार्डावर सही केली, तेव्हा त्याने दुकानातल्या सगळ्यांना डोनट वाटले.

समुद्र आमच्या गावापासून तीन तासांवर. पण चुनखडीची खाण बंद पडली, तिच्यात पाणी साठलं, कुणीतरी त्यात शाळेची एक जुनी बस बुडवली, आणि पेनसिल्वेनियाच्या या कोपऱ्यात डायव्हिंगचं दुकान चालू शकतं हे रोझलीच्या भावाच्या, स्टीवच्या, डोक्यात आलं. रोझली तेव्हा शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. कारखान्याला टाळं लागलं तशी ती भावाच्या दुकानात आली ती कायमची. नवऱ्याने एकदा विचारलं, "तू माझी बायको की त्या खाणीची?" तिने विचार करायला वेळ घेतला, म्हणून तो गेला. हे ती स्वतःच सांगायची आणि खो खो हसायची.

स्टीवने तिला सगळं शिकवलं. त्यातली एक गोष्ट तिने मंत्रासारखी जपली. पाठीवरच्या हवेच्या टाकीचा व्हॉल्व्ह कसा उघडायचा? पूर्ण उघडायचा, अगदी अडेपर्यंत, आणि मग पाव फेरा मागे आणायचा. जुने व्हॉल्व्ह अडेपर्यंत ताणून ठेवले की तिथेच घट्ट बसायचे, म्हणून जुन्या लोकांची ही रीत. "पूर्ण उघड, पाव फेरा मागे," असं चौतीस वर्षं तिच्या प्रत्येक वर्गाने तिच्यापाठोपाठ मोठ्याने म्हटलं. आणि पाण्यात उतरण्याआधी रोझली स्वतः रांगेतून फिरायची, प्रत्येकाच्या टाकीच्या व्हॉल्व्हला हात लावून खात्री करायची. शेवटचा हात बाईंचा, मग पाणी. आमच्या खाणीवरचा हा नियमच होता. त्या हाताखालून गेलेल्यांपैकी एकालाही कधी काही झालं नाही, याचा तिला फार अभिमान होता.

नऊ वर्षांपूर्वी अंगणातलं बर्फ उपसता उपसता स्टीव गेला आणि दुकान त्याच्या मुलाकडे, ट्रेंटकडे आलं. पोरगा वाईट नव्हता. पण त्याला गिऱ्हाईक हसत बाहेर पडायला हवं होतं. लोक फोनवर दुकानाला तारे देतात ना, त्या ताऱ्यांवर त्याचा जीव. एके दिवशी त्याने एक कागद छापून कॉफीच्या भांड्याशेजारी चिकटवला. कुण्या बाईने लिहिलं होतं: 'शिकवणारी म्हातारी माझ्या मुलीवर खेकसली. एक तारा, तोही नाइलाजाने.'

"आत्या, वाच," ट्रेंट म्हणाला.

"वाचलं. पोरगी श्वास रोखून वर येत होती. ओरडू नको तर काय ओवी म्हणू?"

"प्रेमाने सांगता येतं गं."

"वर येताना आतली हवा फुगून फुप्फुस फाटतं तेव्हा ते प्रेमाने फाटतं का?"

तिचं खोटं नव्हतं. पण ट्रेंटने सहा आठवड्यांचा वर्ग दोन शनिवार-रविवारांवर आणला आणि शिकवायला टेस फोगलला ठेवलं. टेस एकोणतीस वर्षांची, चार वर्षं होंडुरासच्या बेटावर शिकवून आलेली, आवाज मऊ. घाबरलेल्या माणसाशेजारी ती पाण्यात उगाच बसून राहायची, काही न बोलता, त्याचा श्वास सावकाश होईपर्यंत. तिला तारेच तारे मिळाले. रोझलीला ते बघवेना. "आधी सर्कस होती, आता बालवाडी झाली," ती म्हणायची. मनातून ती टेसची चूक सापडायची वाट बघत होती. आता हे लिहिताना वाईट वाटतं, पण बघत होती.

आणि ते पाव फेऱ्याचं. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने कितीतरी वर्षांपूर्वी कळवलं होतं की ही रीत बंद करा. व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद, अधलंमधलं काही नको. ट्रेंटने तिला दोनदा सांगितलं. टेस तर तसंच शिकवायची. "आता मी काय मेजामागे बसणाऱ्यांकडून व्हॉल्व्ह उघडायला शिकू?" म्हणून रोझलीने ते पत्र खणात टाकलं. जित्याची खोड.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी टेसच्या वर्गाची शेवटची परीक्षा होती. चारजण होते. त्यातला एक व्हर्न ऑस्ट्रँडर, आमचा पोस्टमन. बावन्न वर्षांचा, रोज अकरा मैल पायी टपाल टाकणारा, गावातल्या प्रत्येक कुत्र्याला नावाने हाक मारणारा. त्याच्या लेकीचं जानेवारीत लग्न होतं, फ्लोरिडात, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बापलेकीने मिळून समुद्रात बुडी मारायची असं ठरलं होतं. तो हे ज्याला त्याला टपालाबरोबर सांगत सुटला होता.

रोझली मदतनीस म्हणून आली होती. टेसने चौघांच्या टाक्या तपासल्या. मग सवयीप्रमाणे रोझली रांगेतून निघाली. तिघांच्या मागे उभी राहून तिने टाकीवर हात ठेवला. व्हर्न मात्र आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसला होता, पाठ गाडीकडे. मागे जायला जागा नव्हती. म्हणून ती त्याच्या समोरून वाकली आणि त्याच्या खांद्यावरून हात घालून व्हॉल्व्हची मूठ धरली. मूठ फिरली. एक फेरा, दोन, आणखी.

तिचे डोळे चमकले. "टेस! अगं इकडे ये. याचा व्हॉल्व्ह बंद होता!"

"नाही बाई," टेस म्हणाली. "मी स्वतः उघडलाय."

"मग काय भुताने बंद केला? माझ्या हातात फिरतोय ना हा! चार फेरे फिरला." रोझलीने मूठ अडेपर्यंत फिरवली आणि पाव फेरा मागे आणली. "हे बघा मंडळी, म्हणून शेवटचा हात लागतो. गोड बोलून टाकी उघडत नाही."

चौघांनी ऐकलं. पलीकडच्या ट्रकपाशी उभे असलेल्या दोघांनीही ऐकलं. टेसचा चेहरा लाल झाला. तिने हवेच्या दाबाच्या काट्याकडे पाहिलं, तो तीन हजार पौंड दाखवत होता. व्हर्नला दोन श्वास घ्यायला सांगितले, त्याने घेतले, व्यवस्थित आले. पण चारचौघांत झालेला अपमान तिला झोंबला होता, आणि तिने पुन्हा मुठीला हात लावला नाही. व्हर्न म्हणाला, "भांडू नका गं दोघी, मला दोन दोन आया मिळाल्या समजतो." सगळे हसले आणि पाण्यात उतरले.

पन्नास फुटांवर, बसच्या जवळ, व्हर्नला श्वास मिळेना. तो ओढत होता आणि नळीतून येत काहीच नव्हतं. टेस दोन हातांवर होती. तिने तत्क्षणी आपली जादा नळी त्याच्या तोंडात दिली, त्याला धरलं, वर न्यायला लागली. अर्ध्या वाटेवर त्याचा धीर सुटला. तिच्या हाताला हिसडा देऊन, तोंड मिटून, तो सरळ वर सुटला.

काठावर त्याच्या तोंडातून रक्त मिसळलेला फेस येत होता. टेसने त्याला आडवं केलं, ऑक्सिजन लावला, सारखी त्याच्या कानाशी बोलत राहिली. कुणीतरी हेलिकॉप्टर बोलावलं. रोझलीने त्याच्या अंगावरून काढलेली टाकी बाजूला घेतली आणि चौतीस वर्षांच्या सवयीने, गिऱ्हाईक पाण्याबाहेर आलं की जसा करायचा तसा, व्हॉल्व्ह बंद केला.

तो पाव फेऱ्यात बंद झाला.

रोझली तिथेच खडीवर बसली. व्हॉल्व्ह आधी उघडाच होता. टेसने उघडलेला. समोरून वाकल्यामुळे तिच्या हाताची दिशा उलटली होती. ती उघडते आहे असं समजून तिने तो चार फेरे बंद केला होता, आणि मग पाव फेरा मागे आणला होता. तेवढ्या फटीतून काठावर दोन श्वास येतात. काटाही तीन हजार दाखवतो. पन्नास फूट खाली मात्र श्वासाला जास्त हवा लागते, आणि माणूस गुदमरतो. आणि आता तर तिने तो पूर्ण बंद केला होता. अपघातानंतर व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत बंद होतो ते मोजून लिहायचं असतं, ही पहिली गोष्ट तीच सगळ्यांना शिकवायची. ते मोजलं होतं फक्त तिच्या मनगटाने.

तिने हे त्याच क्षणी बोलायला हवं होतं. नाही बोलली.

मग चौकशी सुरू झाली. विम्याचा माणूस आला, टाकी आणि नळ्या घेऊन गेला, सगळं ठणठणीत निघालं. राहिला प्रश्न शिकवणारीचा. व्हॉल्व्ह बंद ठेवल्याचं सहाजणांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पाण्यात जाण्याआधीच जी असा घोळ घालते, तिने पाण्यातही काहीतरी घातला असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. संस्थेने टेसला शिकवणं थांबवायला सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

आणि रोझलीच्या वाट्याला काय आलं? कौतुक! किराणा दुकानात बायका तिचा हात धरून म्हणत, "तुम्ही होतात म्हणून निदान जीव तरी वाचला." चर्चमध्ये शुक्रवारचे पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वळताना कुणीतरी म्हणालं, "जुनं ते सोनं हो." ज्यांनी तिला कधी ढुंकून पाहिलं नव्हतं ते फोनवर तारे देऊ लागले: 'शिकायचं तर हुडाकबाईंकडेच, सहा आठवडे, कडक.' चौतीस वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. आता कुणी कौतुक करायला लागलं की ती काढता पाय घ्यायची. रात्री ती हवेत मूठ फिरवायची, एकदा मागून, एकदा पुढून, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच यायचं.

ट्रेंट एक अर्ज घेऊन आला. "आत्या, तुझा जबाब तेवढा राहिलाय. गुरुवारपर्यंत पाठवायचाय. काय झालं ते लिही. व्हॉल्व्ह बंद होता, तू उघडलास. बास."

"आणि टेसचं काय?"

"तिला दुसरीकडे मिळेल काम. दुकानावर बाबांचं नाव आहे गं. त्यावर डाग आला तर आपण संपलो." तो तिच्याकडे बघत थांबला. "का? काही वेगळं झालं होतं का?"

"ठेव तो कागद तिथे," रोझली म्हणाली.

बुधवारी ती व्हर्नला भेटायला शहरातल्या इस्पितळात गेली. घरून गोळंब्क्या, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात नि खिमा, डब्यात घेऊन गेली. व्हर्न खिडकीशी खुर्चीत होता. फुप्फुसातली हवा रक्तात शिरून मेंदूपर्यंत गेली होती. बोलणं शाबूत होतं, पण डावा पाय उचलत नव्हता. भिंतीला चार पायांची काठी टेकवलेली होती.

"बाई, माफ करा मला," तिला बघताच तो म्हणाला.

"मी? तुला?"

"मी घाबरलो. तुम्ही दोघींनी शिकवलेलं सगळं विसरलो, श्वास रोखला. माझ्यापायी त्या टेसच्या पोटावर पाय आला. रोज फोन करते हो ती, काय खाल्लं विचारते." तो डबा उघडायला लागला. "वस्तूत दोष नव्हता हे मी सगळ्यांना सांगतो. माझ्या टाकीला तर शेवटचा हात तुमचा होता. म्हटलं, तुमचा हात लागल्यावर बिघाड असूच शकत नाही. माझंच डोकं फिरलं असणार."

रोझली दुसरी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "खाली काटा बघितला होतास का?"

"बघितला ना. पण कुणी विश्वास ठेवत नाही." त्याने बोट हवेत वरखाली केलं. "श्वास ओढला की काटा शून्यावर. सोडला की पुन्हा वर. ओढला की शून्य. असं कधी होतं का बाई? विम्याचा माणूस म्हणाला, घाबरलेल्या माणसाला काहीही दिसतं."

"होतं," रोझली म्हणाली. "व्हॉल्व्ह पाव फेराच उघडा असला की होतं."

व्हर्न चावायचा थांबला.

"टेसने उघडला होता. मी बंद केला. मला वाटलं मी उघडतेय. तुझं डोकं फिरलं नव्हतं, व्हर्न. तुला हवाच नव्हती. मी बंद केली होती."

त्याने हातातलं कोबीचं पान डब्यात परत ठेवलं. मग झाकण लावून डबा त्याने तिच्याकडे सरकवला. "तुम्ही आता जा," एवढंच म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, म्हणून आणखी काही बोलला नाही.

गाडीत बसून, मांडीवर कागद ठेवून, तिने जबाब लिहिला. व्हॉल्व्ह कुणी बंद केला, किती फेऱ्यांत लागला, कोणी मोजलं, सगळं. खाली सही केली आणि वाटेतल्या पोस्टात स्वतः टाकला. ट्रेंटला दाखवला नाही.

तिथून ती टेसकडे गेली. टेस जिन्यातच भेटली, हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली. रोझलीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टेसने टोपली खाली ठेवली.

"चुका होतात बाई," ती म्हणाली. आवाज तसाच मऊ होता. "माझ्या हातूनही होईल. तुमच्या नंतर मी मुठीला हात लावला असता तर हे झालंच नसतं. पण नाही लावला, कारण तुम्ही सगळ्यांपुढे माझी लाज काढली होती. मी तेच उगाळत बसलेय. रोज. तुम्हाला कळलं कधी?"

"काठावर. तेव्हाच."

"आज किती दिवस झाले?"

"दहा."

"दहा दिवस मी आरशात बघून विचारत होते, की मी खरंच उघडला होता का? मला खात्री वाटेनाशी झाली होती. माझ्या हातांवरचा माझा विश्वास तुम्ही घालवलात." तिने टोपली उचलली. "कागद पाठवलात ना? बरं केलंत. आता मला वर जाऊ द्या."

रोझलीला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पुढे टेसला शिकवायची परवानगी परत मिळाली, पण ती आमच्या दुकानात परत आली नाही. ट्रेंटने दारावरची बापाच्या नावाची पाटी उतरवली आणि आत्याशी बोलणं टाकलं. व्हर्नला टपाल कचेरीत बसून करायचं काम मिळालं. जानेवारीत लग्नात तो लेकीला घेऊन वेदीपर्यंत काठीने चालत गेला म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी लेक एकटीच समुद्रात उतरली.

रोझलीने आपलं शिकवण्याच्या परवान्याचं कार्ड स्वतःहून संस्थेला परत पाठवलं होतं. पण एक गोष्ट तिला बसू देईना. तिच्या पलंगाखाली बुटांची सात खोकी होती. चौतीस वर्षांत ज्यांच्या कार्डांवर तिने सही केली त्या प्रत्येकाचा फोटो, नाव, नंबर. हजारावर माणसं. ती सगळी पाव फेरा मागे आणत होती. तिच्यापाठोपाठ मोठ्याने म्हणून शिकली होती ती.

एका सोमवारी सकाळी तिने पहिलं खोकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं आणि फोन लावायला बसली. बरेच नंबर बंद होते. दोघंजण वारले होते. चौदावा फोन त्या वकिलाने उचलला.

"मी रोझली हुडाक. डायव्हिंगची."

"बाई! अहो, केवढ्या वर्षांनी! अजून ओरडता का?"

"ऐक. मी तुला व्हॉल्व्हचं चुकीचं शिकवलं. पाव फेरा मागे आणायचा नाही. पूर्ण उघडायचा आणि तसाच ठेवायचा. आणि काट्याकडे बघत श्वास घ्यायचा. काटा हलला तर पाण्यात जायचं नाही. म्हण बघू माझ्यामागे."

वकील हसायला लागला. मग तिच्या आवाजात काहीतरी ऐकून थांबला, आणि शहाण्या पोरासारखं त्याने सगळं म्हणून दाखवलं.

"पण बाई," तो म्हणाला, "मी तर माझ्या दोन्ही मुलींना तेच शिकवलंय. पूर्ण उघड, पाव फेरा मागे. धाकटी आता हवाईत वर्ग घेते. तिची पोरं सगळी तुमचंच म्हणतात, रांगेत उभी राहून, मोठ्याने. तुम्ही ऐकायला हवं होतं."

रोझलीने पेन्सिल हातात घेतली.

"मुलीचा नंबर दे," ती म्हणाली. "आणि तिच्याकडे किती जण शिकले, ते सांग."